‘पूर्वीची बाळे दणकट असत’ या समजाविषयी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत गेल्या काही आठवड्यांत बाळंतपण आणि बाळसंगोपन या विषयांवर आलेली वाचकपत्रे मी लक्षपूर्वक वाचली. पूर्वी बाळंतपणे घरीच होत, सुईण येई, घुटी आणि शेक-शेगडीवर बाळे वाढत आणि तरीही ती आजच्या मुलांपेक्षा दणकट निघत, असा त्यांतील बहुतेक पत्रांचा सूर होता. सोलापूर शहरात आणि जिल्ह्याच्या तीन तालुक्यांत मिळून तेहतीस वर्षे आरोग्यसेविका व पुढे पर्यवेक्षिका म्हणून काम केल्यामुळे हा समज खरा नाही, हे सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. पत्रलेखकांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. त्यांनी पाहिलेल्या आज्या आणि पणज्या खरोखरच कणखर होत्या. पण त्या जगल्या म्हणून आपल्याला दिसल्या. त्यांच्या पाठची आणि आधीची जी भावंडे पाळण्यातच गेली, त्यांच्याविषयी साक्ष द्यायला कोणी उरलेले नाही.

माझे माहेर मंगळवेढा तालुक्यातले. माझे आजोबा गावात शाळामास्तर होते आणि घरातले जन्म-मृत्यू एका चोपडीत तिथी-वारासह लिहून ठेवण्याची त्यांना सवय होती. त्या चोपडीत माझ्या आजीच्या नऊ बाळंतपणांची नोंद आहे. त्यांपैकी पाच नावांपुढे त्याच अक्षरात, पण दुसऱ्या शाईने, ‘गेला’ किंवा ‘गेली’ असे लिहिलेले आहे. दोघांना तर नावच नाही. ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ एवढेच लिहिले आहे, कारण ती बारशापर्यंत पोहोचली नाहीत. लागोपाठ तीन मुले गेल्यावर माझे वडील जन्मले, तेव्हा आजीने त्यांचे नाव मुद्दाम दगडू ठेवले. धोंडू, केरबा, भिकू, उकिरडा, नाक टोचून ठेवलेला नथू ही नावे आज आपल्याला गावंढळ वाटतात. परंतु ज्या घरात आधीची मुले दगावली, त्या घरातल्या आईने मृत्यूची नजर या मुलावर पडू नये म्हणून त्याला टाकाऊ वस्तूचे नाव दिलेले असे. जुन्या मतदारयाद्यांत किंवा सातबाऱ्यावर ही नावे किती ठिकाणी येतात, ते वाचकांनी एकदा पाहावे. बालमृत्यूच्या सरकारी नोंदी अपुऱ्या असतील, पण या नावांत ती नोंद पक्की राहिली आहे.

पाचवी पुजण्याच्या आपल्या चालीविषयीही मला असेच वाटते. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाचे भविष्य लिहिते, म्हणून त्या रात्री जागायचे, बाळाला एकटे ठेवायचे नाही, आणि नाव ठेवायचे ते बाराव्या दिवशी. नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा जन्मानंतरच्या तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान दिसू लागतो. पहिले दोन-तीन दिवस चांगले दूध ओढणारे बाळ अचानक ओढेनासे होते, त्याचे तोंड मिटते, स्पर्श झाला किंवा आवाज झाला की अंग धनुष्यासारखे ताठते. विळ्याने किंवा जुन्या पात्याने कापलेली नाळ आणि त्यावर लावलेली राख किंवा शेण हे त्याचे कारण. आपल्या पूर्वजांना जंतू माहीत नव्हते. पण कोणत्या दिवसांत बाळे जातात, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले होते आणि भीतीचे दिवस त्यांनी बरोबर ओळखले होते, असा या चालीचा अर्थ मी लावते.

ही स्थिती केवळ आपल्याकडेच होती असे नाही. स्वीडन देशात १७४९ पासून जन्म-मृत्यूंची पद्धतशीर मोजदाद सुरू झाली आणि त्या काळात तिथेही जन्मलेल्या पाच बाळांपैकी सुमारे एक बाळ पहिल्या वर्षातच जात असे. इंग्लंडसारख्या संपन्न देशात एकोणिसावे शतक संपेपर्यंत हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपास बाळे वर्षाच्या आत दगावत होती. आगगाडी आली, तारायंत्र आले, तरी हा आकडा फारसा हलला नाही. तो झपाट्याने उतरला तो विसाव्या शतकात, स्वच्छ पाणी, गटारे, चांगले दूध, आयांचे शिक्षण आणि प्रशिक्षित सुइणी या गोष्टी घरोघर पोहोचल्या तेव्हा. आपल्या देशात आरोग्यव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात १९३७ सालचा अर्भक मृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण, हजार जन्मांमागे १६२ दिला आहे आणि देशातील एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू दहा वर्षांखालील मुलांचे असल्याचे म्हटले आहे. मरणाऱ्या दोघांत एक लहान मूल, हे ज्या काळाचे चित्र आहे, त्या काळाला आपण दणकट बाळांचा काळ कसा म्हणणार?

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर दुष्काळाला वगळून चालणार नाही. १८७२ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर १८८१ मध्ये ती सहा लाखांच्या खाली आली. त्यात गाव सोडून गेलेले किती आणि मेलेले किती, हे वेगळे काढता येत नाही, परंतु अशा काळात सर्वांत आधी कोण जाते, हे ज्याने भुकेचे वर्ष पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. दुष्काळात मुले केवळ उपासमारीने मरत नसत. आईचे दूध आटे, विहिरींचा गाळ लोक पिऊ लागत, मदतकामांच्या छावण्यांत पटकी पसरे, आणि पुढे पाऊस पडला म्हणजे हिवतापाची लाट येई. भुकेने खंगलेले मूल या आजारांपुढे टिकत नसे. अन्न मिळू लागल्यावरही मृत्यू काही महिने चालूच राहत, ते यामुळे.

भूक आणि रोग यांखेरीज बाळाच्या मृत्यूचे आणखी एक कारण होते, आणि तेही आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरने पाहिले आहे. बालविधवांना पुनर्विवाह नाही आणि गरोदर राहिल्यास समाजात जागा नाही, अशा अवस्थेत जन्मलेली मुले टाकून दिली जात किंवा मारली जात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कारणाने, आणि पंढरपुरात न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये जो बालकाश्रम सुरू केला, त्यामागेही हीच वेदना होती. जुन्या काळाचे गोडवे गाताना या दोन घरांची गरज का पडली, याचाही विचार व्हावा.

सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या, आणि बाळाच्या आयुष्यात एक नवे संकट आले. दहा-दहा, बारा-बारा तास गिरणीत उभी असणारी आई तान्ह्या बाळाला पाजणार केव्हा? मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांची १९२० नंतरच्या वर्षांत जी पाहणी झाली, तीत जवळजवळ सर्व बाळांना अफूची गोळी देऊन निजवले जात असल्याचे आढळले होते. तिला ‘बाळगोळी’ असे गोंडस नाव होते. मी १९८३ मध्ये नोकरीला लागले, तेव्हा गिरणीच्या चाळींतल्या काही वृद्ध स्त्रियांकडून सोलापुरातल्या बाळगोळीच्या आठवणी मी स्वतः ऐकल्या आहेत. एक आजी सांगत असत, “गोळी दिली की पोर रडायचं नाही, आणि एक दिवस उठलंच नाही.” हे सांगताना त्यांचा हात पदराच्या टोकाशी चाळा करीत होता आणि त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. बाळंतपणाची पगारी रजा मिळावी, हा प्रश्न मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठामपणे पाठिंबा दिला होता आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. कायदामंत्री आणि घटनाकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो. तान्ह्या बाळांवरचे त्यांचे हे उपकारही लक्षात ठेवावेत, असे मला मनापासून वाटते.

त्याच काळातील एका आकड्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण पुढे येणाऱ्या न झालेल्या नोंदींच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे. १९२१ साली मुंबई शहरातील अर्भक मृत्युदर हजारी सहाशेच्या वर नोंदला गेला. हा आकडा भयंकर आहेच. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तो सर्वांत वाईट होता. परंतु त्यात एक मेख आहे. पुष्कळ गरोदर स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात, त्यामुळे बाळाच्या जन्माची नोंद गावी होई किंवा होतच नसे. पुढे बाळाला घेऊन ती मुंबईस परतली आणि बाळ तिथे दगावले, तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत होई. जन्म एकीकडे आणि मृत्यू दुसरीकडे, अशा हिशेबातून कुठलाच दर नीट निघत नाही.

मग मृत्यू कमी झाले ते कशाने? मी पाहिलेले उत्तर असे आहे की कोणत्याही एका औषधाने ते झाले नाही. देवीची लस मुंबईत १८०२ मध्ये अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला प्रथम टोचली गेली आणि देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. एवढा वेळ एका रोगाला घालवण्यास लागला. जुलाबाने सुकून जाणारी मुले वाचली ती मीठ-साखर-पाण्याने. बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर पिंपांतून हे पाणी पाजले आणि शंभरातले तीस मृत्यू चारांच्या खाली आणले. आम्ही वस्तीवर जाऊन लिटरभर पाण्याचे माप आणि चमच्याचे माप आयांना दाखवत असू, तेव्हा हसणाऱ्या बायका पुढच्या पावसाळ्यात पुडी मागायला स्वतःहून येत. गरोदरपणातील धनुर्वाताची दोन इंजेक्शने, नवे कोरे पाते, उकळलेला दोरा आणि साबणाने धुतलेले हात यांनी नवजात धनुर्वात इतका मागे रेटला की २०१५ मध्ये देश त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. गोवराची लस आली, दोन मुलांत अंतर राहू लागले, हातपंप आला. १९७१ मध्ये देशाचा दर हजारी १२९ होता, मी नोकरीला लागले त्या सुमारास तो शंभराच्या पुढे होता आणि २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत तो २८ वर आला. महाराष्ट्राचा १६ आणि केरळचा ६.

माझ्या कामाच्या पहिल्या वर्षातले एक घर मला अजून दिसते. ओसरीच्या कोपऱ्यात बाजेवर निजलेली सोळा-सतरा वर्षांची आई, चार दिवसांचे बाळ, आणि नाळेवर वाळलेले शेण. मी झोळीच्या काट्याला बाळ लावले. काटा एक किलो नऊशेच्या पुढे गेला नाही. चिकाचे दूध पिळून टाकलेले होते, कारण ते ‘जड’ असते असा समज. तीन दिवस बाळाला गुळाचे पाणी आणि एरंडेलाचे बोट दिले होते. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांच्या सासूने जे केले, ते त्यांनी मायेने केले होते. मी नाळ पुसली, बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वर लुगड्याचे वेष्टण घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. पाचवीची रात्र उजाडण्याआधीच ते बाळ गेले होते. घुटीवर आणि शेगडीवर माझा राग नाही, पण त्या घरात त्या दिवशी घुटी, शेगडी आणि माया या तिन्ही गोष्टी होत्या.

अशी बाळे घरच्या घरी वाचवता येतात, हे आपल्याच राज्यातील दोन प्रयोगांनी दाखवून दिले आहे. करमाळ्यापासून फार लांब नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर आणि दलित, स्त्रियांना शिकवून अर्भक मृत्युदर दीडशेहून अधिकवरून दोन-अडीच दशकांत तिशीच्या आत आणला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातील आरोग्यदूत स्त्रियांना बाळाचे वजन करणे, ऊब देणे, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोष ओळखून औषध देणे शिकवले, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ या कामात आहे. ही भेट कागदावर भरण्यासाठी नसते, एवढे आशाताईंना मानधन देणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे आणि ते वेळेवर द्यावे.

तरीही काम संपलेले नाही. २०२० च्याच पाहणीत महाराष्ट्रात हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या १६ बाळांपैकी ११ बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेली. जुलाब आणि गोवर यांनी मरणारी मोठी मुले आपण बऱ्याच अंशी वाचवली. आता मृत्यू जन्माच्या उंबऱ्याशी गोळा झाला आहे. दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचे जन्मणे, जन्मतः श्वास न घेणे आणि जंतुदोष ही त्याची मुख्य कारणे आहेत, आणि त्यांची मुळे आईच्या वयात, रक्तात आणि कामात आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सोलापूर जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या सुमारे चाळीस टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, तेव्हा राज्याचे प्रमाण बावीस टक्क्यांच्या जवळ होते. मी पाहिलेली ती बाजेवरची आई अजून आपल्या गावांत आहे. शहराच्या पूर्व भागात विडी कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणून सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या गरोदर स्त्रिया, सकाळी मिश्री लावल्याशिवाय चहा न घेणाऱ्या स्त्रिया, यांच्या बाळांचे वजन कमी भरते, आणि तंबाखूचा त्याच्याशी असलेला संबंध अभ्यासांतून दिसलेला आहे. चार-पाच दिवसांआड येणारे पाणी पिंपात साठवणाऱ्या घरात बाटलीने दूध पिणारे बाळ किती सुरक्षित राहील, हेही वेगळे सांगायला नको. मुलगी असेल तर दवाखान्यात नेण्यास लागणारा उशीरही मी पुष्कळदा पाहिला आहे; निसर्गाने पहिल्या महिन्यात मुलीला मुलापेक्षा अधिक चिवट केलेले असताना पुढे ती मागे पडत असेल, तर दोष निसर्गाचा नाही.

आणि या सगळ्याहून मला अस्वस्थ करते ती न झालेली नोंद. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका रुग्णालयात झालेल्या बाळंतपणाचा मी पाठपुरावा केला होता. आई सांगत होती की बाळ रडले, तिने ते ऐकले, एका बाईने त्याला तिच्या गालाशी आणून दाखवले. नोंदवहीत मात्र ‘उपजत मृत्यू’, म्हणजे बाळ मेलेलेच जन्मले, असे लिहिले होते. जे जन्मले आणि तासाभराने गेले, त्याला उपजत ठरवले की ते जन्मातही येत नाही आणि बालमृत्यूतही येत नाही. का गेले याचा शोध घेण्याची जबाबदारीही मग कोणावर राहत नाही. त्या आईने मला एकच विचारले, “सिस्टर, मग मी ऐकलं ते काय होतं?” मी पत्र लिहिले, आठवण दिली, नोंद बदलली नाही.

ऊसतोडीच्या हंगामात हेच मोठ्या प्रमाणावर होते. साखर कारखान्यांची संख्या आपल्या जिल्ह्यात मोठी आहे आणि गाळप सुरू झाले की बीडसह अनेक भागांतून कोयत्याच्या जोड्या, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायको, येतात. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, बाळंत झालेल्या स्त्रीचे कार्ड तिच्या गावच्या उपकेंद्रात असते, मुकादमाला ती लवकर फडात हवी असते, आणि बाळ गेले तर ते बांधाला पुरून टोळी पुढच्या फडाकडे जाते. त्याचा जन्म तिच्या गावाने लिहिलेला नसतो आणि मृत्यू आपण लिहिलेला नसतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत निदान मृत्यू तरी नोंदला जात होता.

बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना २०१४ पासून देशात आहेत. प्रत्येक बालमृत्यूची माहिती घेऊन, घरी जाऊन, कारण आणि झालेला उशीर शोधावा, असे त्यांत सांगितलेले आहे. माझी विनंती प्रशासनाला तर आहेच. पण त्याहून अधिक, संपादक महोदय, आपल्याला आहे. उजनी धरणात आज किती टक्के पाणी आहे, हा आकडा सोलापूरकर रोज सकाळी आपल्या पत्रात आधी शोधतो आणि तो दिसतो म्हणून त्यावर बोलतो, अधिकाऱ्यांना जाब विचारतो. महिन्यातून एकदा, त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत, शहराच्या प्रभागांप्रमाणे आणि जिल्ह्याच्या तालुक्यांप्रमाणे त्या महिन्यात किती बाळे जन्मली, किती उपजत नोंदली गेली, किती पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गेली आणि त्यांपैकी किती मृत्यूंचे अन्वेषण झाले, हे चार आकडे आपण मागवून छापावेत. कोपीवरच्या बाळांसाठी एक ओळ वेगळी ठेवावी, आणि ती रिकामी आली तर रिकामीच छापावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षिका,
सोलापूर